इंजान दमलं नव्हतं

मागल्या वर्षी दिवाळी सरल्यावर एका कृषी प्रदर्शनात मला बोलावलं होतं. चार ओळी लिहितो म्हणून लोक अधूनमधून मला स्टेजवर बसवतात. शाल, नारळ, फेटा. त्या दिवशी एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला पहिलं बक्षीस होतं. त्यानं आज्याचं जुनं स्लो-स्पीड डिझेल इंजिन भंगारात जाण्यापासून वाचवलं होतं, त्यात दुसऱ्या मोठ्या इंजिनाचा क्रँक बसवला होता आणि त्यावर कडबाकुट्टी चालवून दाखवत होता. इंजिन टुक्-टुक् करत होतं, चिमणीतून धूर निघत होता, पोरं मोबाईलवर चित्रण करत होती. मला बरं वाटलं. असला आवाज बऱ्याच वर्षांनी कानावर आला होता.

मग शहरातून आलेले प्रमुख पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "याला म्हणतात जुगाड! ना डिग्री, ना ड्रॉइंग, ना माप. आपल्या शेतकऱ्याच्या रक्तातच इंजिनिअर असतो. त्याला शाळा शिकवायची गरजच नाही." टाळ्यांचा पाऊस पडला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या सभापतींनी माझ्याकडं असं पाहिलं की म्हातारा जळतोय वाटतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या पोराजवळ गेलो आणि विचारलं, "बाळा, रॉडखालचा डिपर किती कापलास?"

तो म्हणाला, "मोजला नाही काका. लागत होता, म्हणून थोडा घासला."

त्या 'थोडा घासला'चं उत्तर मला तिथं उभ्या उभ्या देता आलं नाही. ते इथं देतो.

ज्यांचा इंजिनाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगतो. पिस्टन वर-खाली होतो. त्या वर-खालीचं गोल फिरणं करतो तो क्रँक. सायकलच्या पायडलची दांडी डोळ्यांपुढं आणा. दांडी पाव इंचानं लांब केली, तर पाय वर पाव इंच जास्त जाणार आणि खालीही पाव इंच जास्त जाणार. म्हणजे एका फेऱ्यात पायाचा प्रवास अर्ध्या इंचानं वाढला. इंजिनात या प्रवासाला स्ट्रोक म्हणतात. स्ट्रोक वाढला की सिलिंडरात हवा जास्त मावते, हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं, आणि डिझेल जास्त जळलं की ताकद जास्त मिळते. हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. त्या अपुऱ्या हिशेबापायी आमच्या घरानं काय दिलं ते आता ऐका.

आमचं गाव येरळेच्या काठी. माझे वडील, तात्या, जन्मले तेव्हा गाव औंध संस्थानात होतं. १९४९ साली ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं, १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गाव जागचं हललं नाही. आमची विहीरही तीच, पंचेचाळीस फूट खोल. आधी तिच्यावर मोट होती. १९६९ साली तात्यांनी कर्ज काढून सहा हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीची चूक नव्हती. साडेचार इंच व्यासाचा सिलिंडर, साडेपाच इंचांचा स्ट्रोक, मिनिटाला ६५० फेरे. दोन्ही बाजूंना माणसाच्या कंबरेएवढी फ्लायव्हीलं. विहिरीत पंधरा फुटांवर मुरमात टप्पा काढून तिथं इंजिन आणि पंप बसवला होता. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा. बैलांना पोळी, तसं त्याला तेल.

१९८३ च्या उन्हाळ्यात पाणी कमी पडायला लागलं. दोन एकर ऊस होता, सरी भिजायला पूर्वीच्या दीडपट वेळ लागू लागला. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. दहावी पास, म्हणजे घरातला सगळ्यात शिकलेला. थोरला भाऊ आबा सातवीतून सुटलेला, पण हातानं माझ्यापेक्षा हुशार. आम्हा दोघांचंही एकमत झालं की इंजिन जुनं झालंय, त्याची ताकद गेली. तात्यांनी इंजिनापाशी बसून बराच वेळ आवाज ऐकला, फ्लायव्हीलवर हात धरला आणि म्हणाले,

"इंजान दमलं न्हाई रं. पाणी लांब गेलंया. पंप खाली घ्या."

आम्ही ऐकलं नाही. पंप खाली घ्यायचा म्हणजे खाली नवा टप्पा खोदायचा, पंधरा दिवस घाम गाळायचा. त्यात पोरांना मोठेपणा वाटत नाही. मोठा क्रँक म्हटलं की वाटतो.

कराडच्या रस्त्याला एक मिस्त्री होते. नाव सांगत नाही. हाताला विलक्षण गुण होता त्यांच्या. डोळे मिटून नटाला हात लावला तर कितीचा पाना लागेल ते सांगायचे. त्यांनी एका गुऱ्हाळाच्या मोडीत काढलेल्या इंजिनाचा क्रँक आणून दाखवला. जाडीला आमच्यापेक्षा दणकट, आणि स्ट्रोक सहा इंच. म्हणाले, "ह्यो टाकू. आन् फेरं साडेसातशेवर नेऊ. सहाचं साडेसात घोडं हुत्याल." आबाचे डोळे चमकले. माझेही. सगळं मिळून अकराशे रुपये ठरले.

काय काय करावं लागलं ते सांगतो, कारण 'मोठा क्रँक टाकला' हे तीन शब्द झाले, काम तीन शब्दांचं नसतं.

नवा क्रँक जाड, म्हणून ब्लॉकमधली बेअरिंगची घरं मोठी करावी लागली. ती लेथवर अंदाजानं मोठी केली. तिथलं बीड पातळ झालं. पिस्टन पाव इंच वर येऊन हेडला धडकणार, म्हणून सिलिंडरखाली पाव इंचाची लोखंडी पट्टी घातली. सिलिंडर वर उचलला गेला, म्हणून व्हॉल्व्हच्या पुशरॉडना वेल्डिंग मारून त्या लांब केल्या. रॉड आता जास्त तिरका होऊन लायनरच्या खालच्या काठाला लागायला लागला, म्हणून काठाला खाच पाडली. आणि राहिला डिपर. असल्या इंजिनात रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा एक तुकडा असतो. तो प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडतो आणि तेल उडवतो. त्या उडालेल्या तेलावर बेअरिंग जगतं. क्रँकचा फेर मोठा झाल्यावर चमचा पाव इंच जास्त खाली जाऊन तेलाच्या पन्हाळीला आपटायला लागला. मिस्त्रींनी तो कानशीनं घासला आणि थोडा वाकवला. 'थोडा घासला.' शब्दही तेच.

इंजिन चालू झालं. हँडल मारायला पूर्वीपेक्षा जड, पण आवाज मोठा, रुबाबदार. गावातली माणसं बघायला आली. मिस्त्रींना आम्ही टॉवेल-टोपी केली. पाणी मात्र म्हणावं तसं वाढलं नाही, आणि पंपात खडे वाजल्यासारखा एक आवाज यायला लागला. आम्ही म्हणालो, नवं आहे, बसेल जागेवर. तात्या काही बोलले नाहीत.

विसाव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी वर बांधावर दारं धरत होतो. आबा खाली टप्प्यावर पट्ट्याला रोझन लावत होता. आधी ठक् ठक् असा वेगळा आवाज आला. मग एकच मोठा आवाज, आणि नंतर काहीच नाही. मी धावत खाली उतरलो. ब्लॉकची बाजू फोडून रॉड बाहेर आला होता. तळहाताएवढा बिडाचा तुकडा आबाच्या नडगीत बसला होता. टप्प्यावर रक्त आणि काळं तेल एकत्र वाहत होतं. तो तुकडा दोन फूट वर लागला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आबा चार महिने खाटेवर होता. हाड जुळलं, पण पाय आखडला. आज तो सत्तरीत आहे आणि अजून लंगडतो. ऊस वाळला. पहिल्या एकरातला वैरणीला गेला, दुसऱ्यातला थोडाफार वाचला. एक बैल विकला.

माझा मामा किर्लोस्करवाडीला टर्नर होता. आठवड्यानं तो आला. आधी आबाजवळ बसला, मग विहिरीत उतरला. खिशातून मायक्रोमीटर काढला आणि तासभर एकेक तुकडा मोजत बसला. वर आल्यावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला त्यानं हिशेब मांडला. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

साडेपाचाचा स्ट्रोक सहा झाला, म्हणजे हवा ९ टक्के वाढली. साडेसहाशेचे साडेसातशे फेरे, म्हणजे वेग १५ टक्के वाढला. दोन्ही मिळून सहाचे साडेसात घोडे. इथवर मिस्त्रींचं बरोबर. पण पिस्टन प्रत्येक फेऱ्याला वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा रॉडला जो हिसका बसतो तो वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यात वाढलेला स्ट्रोक धरला, तर हिसका जवळजवळ दीडपट. म्हणजे ताकद सव्वापट आणि ताण दीडपट. आणि तो ताण घ्यायचा कुणी? आधीच पोखरून पातळ केलेल्या जुन्या बिडानं, आणि अर्धवट तेल पिणाऱ्या बेअरिंगनं. डिपर घासलेल्या जागी मोडला होता. बेअरिंग कोरडं पडलं, पकडलं, बोल्ट तुटला. पुढचं काम पातळ बिडानं केलं.

"आन् ह्ये बगा दाजी," मामा तात्यांना म्हणाला, "पंपाचं तर येगळंच गणित हाय. पंपाचा येग पंध्रा टक्क्यांनी वाढीवला तर पाणी पंध्राच टक्के वाढतंय, पर ताकद लागती दीडपट. पंप पुरा भरून चालला असता तर त्येनं नऊ घोडं मागितलं असतं. तुमी साडेसात दिल्यासा. बरं, पंप भरत तरी हुता का?"

तात्या म्हणाले, "न्हाई पाव्हणं. पाणी चाळीस फुटांवर गेलंया. पंप पंधरावर."

"म्हंजे पंचवीस फूट सक्शन. मग कसलं पाणी?"

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. पंप पाईपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबाला मर्यादा आहे. कागदावर तेहतीस-चौतीस फूट, पण समुद्रसपाटीपासूनची आपली उंची, पाईपातलं घर्षण, फूटव्हॉल्व्हची गळती हे सगळं धरलं तर वीस-बावीस फुटांपुढं भरवसा नाही. इंजिन सहाचं असो नाहीतर साठचं, हवेचा दाब वाढत नाही. उलट पंप जोरात फिरवला की आतलं पाणी फुटून बुडबुडे होतात आणि ते फुटताना खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आम्ही वीस दिवस तो आवाज ऐकत होतो आणि नवं आहे, बसेल म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात तात्या, मी आणि दोन भावकीतली पोरं मिळून सहा फूट खाली नवा टप्पा खोदला. पंप तेवढा खाली घेतला, लांब पट्टा जोडला. शेजाऱ्याचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन उसनं आणलं. पाणी पूर्वीएवढं पडलं. सहा घोड्यांना जे जमेना आणि साडेसातांना जमेना, ते पाच घोड्यांनी केलं. पण तोवर ऊस गेला होता आणि आबाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

तर पाहुण्यांच्या 'जुगाडा'वर माझा राग का आहे ते आता कळेल.

पहिली गोष्ट, तो शब्दच आमचा नाही. आमच्याकडं तात्पुरत्या कामाला 'वेळ मारून नेणं' म्हणत. पट्टा तुटला, चामड्याच्या वादीनं शिवला, आजचं भिजवण उरकलं, उद्या बाजारातून नवा आणला. त्यात शरम नव्हती, पण कौतुकही नव्हतं. वेळ मारून नेलेली गोष्ट कुणी दसऱ्याला पूजत नसे. अलीकडं शहरातल्या लोकांनी या मारून नेलेल्या वेळेला नाव दिलं, तिच्यावर पुस्तकं लिहिली, भाषणं ठोकली. आमच्या अडचणीचा त्यांनी गुण केला. गुण झाला की मग अडचण दूर करायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. 'रक्तातच इंजिनिअर आहे' म्हटलं की तालुक्याला चांगलं वर्कशॉप नको, आयटीआयला शिकवणारा नको, मिस्त्रीच्या हातात मायक्रोमीटर नको.

दुसरी गोष्ट. हेच पाहुणे ज्या लिफ्टमधून वर जातात तिचा दोर कुणी 'थोडा घासला' तर त्यांना चालेल का? त्यांच्या हृदयात बसवायची नळी डॉक्टरांनी अंदाजानं निवडली तर ते टाळ्या वाजवतील का? माप त्यांच्यासाठी आणि अंदाज आमच्यासाठी, हे कौतुक नव्हे. आमच्या जिवाची किंमत त्यांनी कमी धरली आहे, एवढंच.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या मातीत उभे राहून ते हे बोलले, त्या मातीचा इतिहासच त्यांना ठाऊक नाही. सातारा-सांगलीला लोखंड आलं ते जुगाडातून आलं नाही. कूपरांचा कारखाना सातारा रोडला, तिथले नांगर आणि इंजिनं आमच्या आज्या-पणज्यांनी वापरली. त्याचे मालक सर धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर? चित्रकलेचं शिक्षण घ्यायला मुंबईला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सोडावं लागलं. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगचे मास्तर झाले. ड्रॉइंगचे मास्तर! म्हणजे ज्यांनी लोखंडी नांगर आपल्याकडं रुजवला तो माणूस कागदावर माप मांडणारा होता. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून लोक त्या नांगराला हात लावेनात, पहिले थोडे नांगर खपायला वर्षं गेली. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर, निवडुंगात त्यांनी वाडी वसवली. त्या नांगराची खरी करामत कशात होती? फाळ झिजला की तसाच दुसरा मिळे आणि तो बसे. एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, कारण दोन्ही एकाच मापाचे असतात. सगळी सुधारणा एवढ्यात आली. पाहुण्यांनी 'ना ड्रॉइंग, ना माप' म्हणून टाळ्या घेतल्या त्या जागेपासून ही वाडी लांब नाही.

कारखान्यांनीही इंजिनं वाढवलीच की. किर्लोस्करचं एव्ही-१ घ्या. सिलिंडर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, फेरे १५००, ताकद पाच हॉर्सपॉवर. टीव्ही-१ घ्या. फेरे तेच १५००, स्ट्रोक तोच ११०, सिलिंडर ८७.५, ताकद सात. क्रँकचा फेर न वाढवता दोन घोडे वाढवले. पण ते नुसतं सिलिंडर कोरून झालेलं नाही, अख्खं इंजिन त्या ताकदीला जुळवलेलं आहे. बेअरिंगला किती तेल, हेडला किती बोल्ट, पाणी किती, सगळं. एक माप हललं की बाकीची सगळी हलवावी लागतात.

मला माहीत आहे, काहीजण म्हणतील, "अहो, गरिबानं काय करायचं? नवं इंजिन घ्यायला पैसा कुठं आहे?" बरोबर आहे. मी दुरुस्तीच्या विरोधात नाही. जुनं लोखंड फेकून द्यायच्या तर मुळीच नाही. नवं घ्या, नवं घ्या म्हणून मागं लागणारे विक्रेते आणि हे जुगाडाचे भाट, दोघांनाही आमच्या इंजिनाशी देणंघेणं नाही. मी म्हणतो एवढंच की गरिबाला चूक परवडत नाही, म्हणून त्याला माप जास्त लागतं. श्रीमंताचं इंजिन फुटलं तर तो दुसरं आणतो. आमचं फुटलं तेव्हा बैल गेला.

जुन्या ब्लॉकात मोठा क्रँक बसतो. मामानं नंतर एकाचा बसवूनही दाखवला. पण कसा? क्रँकचं प्रत्येक जर्नल तीन ठिकाणी मोजून. बेअरिंगमधली फट व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, या हिशेबानं ठेवून. बेअरिंगची दोन्ही घरं एका रेषेत बोअर करून, आणि बोअर केल्यावर बीड किती उरतं ते आधी बघून. पिस्टनच्या डोक्यावर शिशाची तार ठेवायची, हेड आवळायचं, फ्लायव्हील हातानं फिरवायचं, हेड काढून चेपलेली तार मोजायची. पिस्टन आणि हेडमधलं अंतर तेवढं. डिपर घासायचा नाही, मापाचा नवा करायचा आणि तेलाची पातळी त्याला जुळवायची. आणि फेरे वाढवायचे नाहीत. हे सगळं करून एका इंजिनाला अर्धा घोडा मिळाला. मालकाला मामानं आधीच सांगितलं होतं की अर्धाच मिळेल. त्या इंजिनाचा जुना क्रँक तडकला होता आणि तसा दुसरा मिळत नव्हता, म्हणून ते करणं भाग होतं. त्याच्या आधी मामानं एक प्रश्न विचारला होता, जो आम्हाला कुणी विचारला नाही, आणि ज्यानं विचारला त्या बापाचं आम्ही ऐकलं नाही. दुखणं खरंच इंजिनात आहे का?

मिस्त्रींवर माझा राग नाही. आबाला बघायला ते तीनदा आले. अकराशेतले सातशे परत देऊ लागले, तात्यांनी घेतले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा ओट्यावर बसून रडले. म्हणाले, "तात्या, मला कुणी शिकवलंच न्हाई वो. उस्तादाच्या हातचा पाना खाऊन जेवढं कळलं तेवढं." ज्या माणसाला डोळे मिटून पाना ओळखता येतो, त्याला मायक्रोमीटर वाचायला शिकवायला किती दिवस लागले असते? मामा म्हणाला, दोन. त्या दोन दिवसांसाठी आमचा आबा लंगडा झाला. मिस्त्रींनी मुलाला आयटीआयला घातलं. आज तो क्रँक ग्राइंडिंग करतो आणि लांबलांबून लोक त्याच्याकडं येतात. तो अंदाजानं काम करत नाही. आता कुणी मला सांगावं की शाळेची गरज नसते.

आणि हे फक्त जुन्या इंजिनांपुरतं आहे असं समजू नका. आमच्या शिवारात आता ताकारी-टेंभूचं पाणी फिरतंय, घरोघरी मोटारी आहेत. तरी पाणी कमी पडलं की पहिला विचार तोच. पाचाची काढा, साडेसाताची टाका. साडेसाताची काढा, दहाची टाका. विहीर तीच, झरे तेच, पाईपही अडीच इंचांचाच. मोटार जळाली की वायंडिंगवाल्याला शिव्या. पाणी किती फुटांवर आहे हे दोरी सोडून मोजणारा माणूस मी गेल्या दहा वर्षांत दोनदाच बघितला. दोरीला पैसे पडत नाहीत. पण दोरी सोडण्यात रुबाब नाही.

आता त्या पोराचं. प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांनी ते फटफटीवरून माझं घर शोधत आलं. म्हणालं, "काका, तुम्ही डिपरचं का विचारलंत? मला झोप नाही लागली." मी त्याला चहा दिला आणि हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं. मामाचा कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. आतून आबा पाय ओढत आला. त्याच्या हातात तो बिडाचा तुकडा होता. डॉक्टरनं काढून दिलेला तो तुकडा तो एवढी वर्षं कोनाड्यात ठेवतो. त्यानं काही न बोलता तो पोराच्या हातावर ठेवला.

पोरानं वजन बघितलं, कडेची जाडी बोटानं चाचपली. म्हणालं, "इथंच पातळ केलं होतं का?"

"व्हय," आबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या गावी गेलो. हेड उतरवलं, शिशाची तार ठेवली, फ्लायव्हील हातानं फिरवलं. तार कागदासारखी चपटी होऊन निघाली. पिस्टन हेडपासून जेमतेम केसभर लांब होता. पोराचं तोंड उतरलं. बक्षिसाचा फोटो मागं भिंतीवर लावलेला होता. आबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कडबाकुट्टीला मुळात किती घोडं लागत्यात, बगितलंस का?"

त्यानं मान हलवली. मग आत जाऊन वही आणि पट्टी घेऊन आला.